तीस इंचांचं पाऊल

आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ह्यांच्या बरोबरीनं मी रस्त्यानं चाललेय असं काही आठवत नाही. निघायचो बरोबर. पाच-दहा दुकानं मागे पडली की हे पुढे आणि मी मागे. लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला करोल बागेत गेलो होतो, तेव्हा माझ्या दोन्ही हातांत पिशव्या, खांद्याला आणखी एक, आणि हे आपले गर्दीतून सरळ रेषेत चाललेत, जसा काही अख्खा बाजार त्यांना रस्ता देणार आहे. मी मागून ओरडले, "अहो, जरा हळू!" तर कोपऱ्यावर उभे राहून म्हणतात कसे, "मी जोरात चालत नाहीये. तू पाऊल छोटं टाकतेस. मोठं टाक की जरा, कोण अडवतंय?"

आता ह्यांना काय सांगणार? दोन हातांत ओझं असलं की माझी पावलं आपोआप बारीक होतात. पटपट पटपट पडतात, पण बारीक. लहानपणी विहिरीवरून पाणी आणायचे तेव्हाही तशीच पडायची. मी कधी त्याचा विचार केला नाही. चालण्याचा कोण विचार करतं हो!

ह्यांनी मात्र जन्मभर तेवढाच विचार केला. हे फौजेत होते, आणि नोकरीतली बरीचशी वर्षं उस्ताद म्हणून. उस्ताद म्हणजे कवायत शिकवणारा. खेड्यापाड्यांतून आलेल्या पोरांना उभं कसं राहायचं, वळायचं कसं, सलामी कशी द्यायची आणि मुख्य म्हणजे चालायचं कसं, हे ह्यांनी शिकवायचं. त्यासाठी एक काठी असते. पेस स्टिक म्हणतात तिला. दोन पायांची लाकडी काठी, कंपासपेटीतल्या कर्कटकासारखी उघडते. ती तीस इंचांवर उघडून पक्की करायची आणि पोरांच्या बाजूनं जमिनीवर फिरवत न्यायची. प्रत्येकाचं पाऊल तीस इंच पडलं पाहिजे. कमी नाही, जास्त नाही. हे निवृत्त झाले तेव्हा पलटणीनं ह्यांना तसलीच एक काठी भेट दिली, टोकांना पितळ लावलेली. आमच्या गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये देवघराच्या शेजारी ती उभी असते. देव मी पुसते आणि काठी हे पुसतात.

आता नातीचं सांगते. लेक आणि जावई दोघंही दिल्लीत सरकारी नोकरीत, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहतात. सकाळी जाणार, रात्री येणार. म्हणून नात आमच्याकडेच वाढली. तिच्या मराठीत निम्मं हिंदी. "आजी, यार, बिल्कुल टाइम नाहीये," असं बोलते. वरवंटा दाखवला तर "ये क्या है?" म्हणणारी. पण ह्यांच्या तोंडची फौजी भाषा तिला सगळी यायची. तिसरीत असताना शाळेच्या बसकडे जाताना ह्यांचं बोट धरून "बाएँ, दाएँ, बाएँ" करत जायची. ह्यांच्या एका पावलाला तिला दोन उड्या माराव्या लागायच्या. सोसायटीतल्या बायका गॅलरीत येऊन बघायच्या आणि हसायच्या.

फौजेत मुलींची भरती सुरू झाली हे तिनंच मोबाइलवर वाचलं आणि आबांना, म्हणजे ह्यांना, दाखवलं. अधिकारी नाही बरं का, शिपाई म्हणून. ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग उठून आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मुलगा नाही आपल्याला, वर्दी आपल्याबरोबरच संपली, असं हे कधीमधी म्हणायचे. त्या दिवसानंतर ते म्हणणं बंद झालं.

पोरगी धावली, पळाली, परीक्षा दिली आणि निवडली गेली. हो, आमच्या घरातून! ह्यांनी तिच्यासाठी काळी पत्र्याची पेटी आणली. शिपाई नेतात ना, तसली. तिच्यावर पांढऱ्या रंगानं स्वतः तिचं नाव लिहिलं. हात थरथरतो ह्यांचा आताशा, तरी एक अक्षर वाकडं आलं नाही. लेक म्हणाली, "बाबा, पेंटरकडून करून घेतलं असतं." तर म्हणाले, "माझं नाव माझ्या बापानं लिहिलं होतं."

ट्रेनिंग दूर होतं. मधे काही दिवसांची सुट्टी मिळाली तेव्हा ती घरी आली. केस कापलेले, चेहरा रापलेला, आणि भूक अशी की पुरणपोळ्या करता करता माझे हात दुखून आले. पण खाता खाता गप्प व्हायची. ह्यांनी ओळखलं.

"काय अडलंय?" हे म्हणाले.

"पिट्ठू, आबा." पिट्ठू म्हणजे पाठीवरची ती मोठी बॅग. ती भरून, हातात रायफल घेऊन लांबलांब चालवतात. "पळण्यात मी पुढे असते. पण पिट्ठू चढवला की मागे पडते. उस्ताद म्हणतात, दादी अम्मा, पीछे से आती रहो."

"दादी अम्मा?" हे खवळले. "चाल बघू. चालून दाखव."

कपाटातून ह्यांचा जुना पिट्ठू निघाला. त्यात विटा चादरीत गुंडाळून घातल्या, वरून गव्हाच्या पिठाच्या थैल्या. सोसायटीच्या मागे एक लांब गल्ली आहे, तिथे गाड्या लावतात. सकाळी गाड्या निघून गेल्या की ती मोकळी होते. पोरगी त्या गल्लीत चालली. मी खुर्ची टाकून बसले होते. काय सांगू, मला हसूच आलं! अगदी माझ्यासारखी चालली. थोडी पुढे वाकून, बारीक बारीक, पटपट.

ह्यांना हसू आलं नाही. "हे बघ," ते म्हणाले, "इथेच चुकतंय. ओझं आलं की तू पाऊल आखडतेस. पुढे वाकतेस. बाकीच्यांच्या एका पावलात तुझी दीड पावलं जातात. दमशील नाही तर काय! पाऊल लांब टाक. छाती वर. ओझं विसर."

मग ती काठी आली. हे गुडघे धरत धरत गल्लीभर फिरले आणि तीस-तीस इंचांवर खडूच्या रेघा मारल्या. "पाय रेघेवरच पडला पाहिजे."

मी म्हटलंच. "अहो, तिचे पाय केवढे, तुमचे केवढे."

"उंचीचा काय संबंध? माझ्या हाताखाली गुडघ्याएवढी पोरं आली आणि तीस इंच चालून गेली."

"पोरं आली ना? ही पोरगी आहे."

तर नातच माझ्यावर उसळली. "आजी, तू तर बोलूच नको! तिकडे पण हेच ऐकायचं आणि घरी पण? मला पोरगी म्हणून सूट नकोय."

मग मी कशाला बोलतेय? मी आपली जुन्या रजईचे तुकडे घेऊन पिट्ठूच्या पट्ट्यांना गाद्या शिवत बसले. तो पिट्ठूही पुरुषाच्या पाठीच्या मापाचा. कमरेचा पट्टा तिच्या कमरेवर बसेचना, खाली घसरायचा.

रोज सकाळी दोघांचं सुरू. ही रेघांवर पाय टाकतेय, हे बाजूनं काठी फिरवत चाललेत, "तेज चल! पाऊल खेच! शाबाश!" सुट्टी संपत आली तेव्हा ती न बघता तीस इंच टाकत होती. ओझं घेऊनसुद्धा. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला म्हणाले, "बघ. अगदी माझी चाल."

तेव्हाच ती जिना उतरताना एका हातानं कठडा धरायला लागली होती. मी विचारलं. म्हणाली, जांघेत जरासं खेचतंय. हे म्हणाले, "दुखतंय म्हणजे तयार होतंय." फौजेतलं जुनं म्हणणं आहे ते. ती हसली आणि गेली.

तिकडे गेल्यावर मागे पडणं थांबलं म्हणे. ह्यांना फोन करून ओरडली, "आबा, आज उस्ताद म्हणाले, ये चाल कहाँ से सीखी!" ह्यांनी तो किस्सा खालच्या वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितला. आणि मग एक दिवस फोन आला, तो तिचा नव्हता. पिट्ठू घेऊन लांबचं चालताना ती मधेच खाली बसली आणि तिला उठता येईना. आधी कितीतरी दिवस दुखणं लपवून चालत राहिली होती. कमरेचं, अगदी पुढच्या बाजूचं हाड चिरलं होतं. पडली नाही, आपटली नाही. चालून चालून चिरलं.

तिला आजारी रजेवर घरी पाठवलं. पुढच्या तपासणीसाठी दिल्लीतल्या लष्करी दवाखान्यात न्यायचं होतं. मी आणि हे दोघंही बरोबर गेलो. डॉक्टरीणबाई वर्दीतल्या, तरुण, आणि बोलायला फार गोड. त्यांनी आधी हाडाचे फोटो पाहिले आणि मग तिला थोडं चालायला सांगितलं. ती कुबडीवर चालली, तरी एक पाय लांबच टाकला.

"बेटा, इतना लंबा कदम क्यों?" बाईंनी विचारलं. मग समोर बसून आम्हाला सगळं समजावलं. म्हणाल्या, पुरुषाच्या पाठीवर ओझं दिलं की तो साधारण आपल्याच पावलानं चालत राहतो. बाईच्या पाठीवर दिलं की तिचं शरीर स्वतःच हिशेब करतं, थोडं पुढे झुकतं, पाऊल लहान करतं आणि भराभर टाकतं. ती कमजोरी नाही, तिची ओझं सांभाळायची रीत आहे. ती मोडून लांब पाऊल टाकायला लावलं की सगळा ताण ह्या पुढच्या हाडावर येतो. रोज थोडा थोडा. "ये चाल तुम्हें किसने सिखाई?"

हे भिंतीशी उभे होते, सावधानमध्ये. वर्दीतल्या माणसासमोर ह्यांना बसवत नाही.

पोरीनं एक क्षणसुद्धा घेतला नाही. "किसी ने नहीं, मॅम. यूट्यूब पर देखा था. खुद ही किया."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की माझं तोंड बंदच झालं.

परतताना टॅक्सीत हे पेटलेच. "मोबाइल! ह्या मोबाइलनं वाट लावली. मी काय शिकवलं होतं आणि हिनं काय बघितलं! माझ्या हाताखालून एवढी पोरं चालून गेली, कुणाचं हाड चिरलं का कधी?"

"नाही ना आबा," ती म्हणाली. "त्या व्हिडिओत अजून लांब टाकायला सांगत होते. माझीच गलती."

त्या दिवसापासून ह्यांनी तो व्हिडिओ धरून ठेवला. ज्याला त्याला सांगायचे, तुमच्या पोरांच्या हातात मोबाइल देऊ नका, माझ्या नातीचं बघा. आणि नात शेजारी बसून मान डोलवायची. मला स्वयंपाकघरात उभं राहवायचं नाही. एकदा मी तिला धरलंच, "का गं असं?"

"आजी, त्यांच्याजवळ दुसरं काय आहे?" ती म्हणाली. "माझं तर गेलंच. त्यांचं पण काढून घेऊ?"

गेलंच होतं. फौजी डॉक्टरांचं बोर्ड बसलं आणि त्यांनी तिला कायमचं घरी पाठवायचं ठरवलं. हाड जुळेल म्हणाले, पण ओझं उचलून चालण्याच्या कामाला ती चालणार नाही. काळी पेटी परत आली. नावाची पांढरी अक्षरं तशीच होती, फक्त एका कोपऱ्यात पत्रा दबला होता. लेकीनं तिच्यात रजया भरून दिवाणाखाली सरकवली. नाव भिंतीच्या बाजूला केलं.

शेजारची एक बाई जिन्यात मला म्हणाली, "आंटी, लड़की के बस का वज़न ही नहीं था, क्यों भेजा?" मी म्हटलं, बाई गं, समोर बिल्डिंग उभी राहतेय तिथे सिमेंटच्या पाट्या कोण वाहतंय ते बघून ये, मग बोल. तिला झेपणारंच वजन होतं ते. तिला तिच्या चालीनं नेऊ दिलं असतं तर तिनं कुठल्या कुठे नेलं असतं. पण हे मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हटलं असतं आणि वर ह्यांना ऐकू गेलं असतं तर?

सव्वीस जानेवारीला हे दरवर्षीप्रमाणे पहाटेच दाढी करून टीव्हीसमोर बसले. मुलींची तुकडी आली, तशी नात उठली आणि "चहा टाकते" म्हणून आत गेली. चहा कुणीच मागितला नव्हता.

थंडी ओसरली तसं मी रजयांच्या खोळी काढून गच्चीवर धुवायला घेतल्या. दुपारचं छान ऊन होतं. हे कोपऱ्यात पाठ शेकत बसले होते. मी अनवाणी, पाय ओले, भरलेली बादली उचलून नळापासून दोरीपर्यंत गेले. बादली ठेवली, मागे वळले, तर हे खाली बघतायत.

"काय झालं?"

"थांब. तिथेच थांब." उठले आणि खाली गेले. ह्या वयात जिने चढउतार करू नका म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी. वर आले ते काठी घेऊन.

वाळत्या फरशीवर माझी पावलं उमटली होती. ह्यांनी काठी उघडली आणि एका टाचेपासून दुसऱ्या टाचेपर्यंत धरली. बसेना. काठी कितीतरी मोठी. ह्यांनी स्क्रू सैल केला आणि काठीचे पाय जवळ आणले. निवृत्तीनंतर ती काठी तीस इंचांवरून हललेली मी पाहिली नव्हती.

"आता रिकाम्या हातानं चाल."

"अहो, वेड लागलंय का?"

"चाल गं."

मी पाय ओले करून चालले. ह्यांनी मोजलं. रिकाम्या हाताचं पाऊल मोठं, बादलीचं लहान. मग ह्यांनी स्वतः चप्पल काढली, पाय बादलीत बुडवले आणि एकदा रिकामे, एकदा बादली घेऊन चालले. दोन्ही वेळेला तेच. तीस इंच. म्हातारा माणूस, बादली हिंदकळतेय, पण पाऊल तेच.

चौघं चालून गेल्यासारखी पावलांनी भरलेली ती फरशी आमच्यामध्ये होती. पावलं एक एक करून वाळत होती.

"करोल बागेत," हे म्हणाले, "तू मागं पडायचीस."

"जाऊ दे हो."

"मी म्हणायचो, मोठं टाक."

तेवढ्यात नात चहा घेऊन वर आली. तिनं काठी पाहिली, फरशी पाहिली आणि ट्रे कठड्यावर ठेवला.

"व्हिडिओ कुठला होता?" हे म्हणाले. "दाखव मला."

"आबा, आता कुठे सापडणार तो..."

"खोटं बोलायला तुला कुणी शिकवलं? मी नाही शिकवलं."

ह्यांनी चप्पल पायात सरकवायचा प्रयत्न केला, सरकेना. "मी उद्या जातो. ब्लेझर काढ माझा. त्यांना सांगतो, चूक उस्तादाची आहे, पोरीची नाही. तसं कागदावर लिहा आणि पोरीला परत घ्या."

"आबा," ती अगदी हळू म्हणाली, "कागदावर हाड लिहितात. उस्ताद नाही लिहीत."

हे खाली बसले. तिथेच, ओल्या फरशीवर. मी जवळ गेले तर मला हातानं दूर केलं आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "मग निदान तुझ्या पावलानं चाल. तुझं होतं तसं. मला बघू दे एकदा."

तिनं चपला काढल्या. पाय बुडवले. दुसरी बादली अर्धीच भरलेली होती, ती उचलली. मी नको म्हणत होते. ती नळापासून दोरीपर्यंत गेली, अगदी जपून, एका कुशीला किंचित कलून. जाताना पाऊल आखडायचा प्रयत्न करत होती ते मला दिसत होतं. एक पाऊल लहान पडलं. मग दुसरं लांब. मग सगळी लांबच.

काठी मी उचलली. ह्यांच्यानं ती धरवेना. स्क्रू पुन्हा उघडला आणि तिच्या टाचांमध्ये ठेवली.

"किती?" ह्यांनी विचारलं.

मी काठी मिटली. तीच म्हणाली, "आबा, दुसरं आता येतच नाही मला. तुम्ही फार पक्कं शिकवलंत."

हसत म्हणाली ती. त्यांना बरं वाटावं म्हणून. हे दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. ती त्यांच्याजवळ बसली आणि त्यांचे ओले पाय आपल्या ओढणीनं पुसायला लागली. चहा निवत होता. मी खोळी दोरीवर टाकल्या. वाळल्यावर रजयांवर चढवायच्या होत्या, आणि रजया परत तिच्या पेटीत ठेवायच्या होत्या.